दुर्जनरावाला आलेलं स्थळ

"मी खून करणार न्हाई," पोपटराव म्हणाले आणि कमरेची कट्यार उपसून त्यांनी ती बाबर गुरुजींच्या हातात ठेवली.

पहिल्या अंकाचा पडदा नुकता पडला होता. बाहेर मंडपात भोंग्यावर सनई लागली होती, शेंगदाणेवाले ओरडत होते. शाळेच्या चौथीच्या वर्गात आमची रंगपटाची खोली होती. फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असा सुविचार लिहिलेला. त्या सुविचाराखाली पोपटराव बाकावर बसले होते. गळ्यात कवड्यांची माळ, गालावर काजळानं काढलेला वार, ओठावर स्वतःच्या खऱ्या मिशा. डोळ्यांत मात्र पाणी.

"पोपट, अरे असं काय करतोस?" गुरुजी म्हणाले. "दुसऱ्या अंकात तू खून केला न्हाईस तर तिसऱ्या अंकात विक्रमसिंह सूड कुणाचा घेणार?"

"घेऊ नका म्हनावं."

"अरे, नाटकाचं नाव 'सौभाग्य चढलं सुळावर' हाय!"

"मग मला तरी का चढवताय?" पोपटराव म्हणाले आणि त्यांनी तोंड हातांत लपवलं.

मी तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेन. जत्रेच्या हंगामात गावोगावची मंडळी नाटक बसवत आणि बायकांच्या कामासाठी आम्हाला मिरजेहून बोलावून घेत. पुरुष सगळे गावातले, हिरॉईन तेवढी बाहेरची. सकाळच्या एसटीनं जायचं, जेवण होईस्तोवर संवाद डोळ्यांखालून घालायचे, तोंडाला रंग लावून उभं राहायचं. जाहिरातीच्या फलकावर मी कुमारी मधुलिका मिरजकर असे. घरी मला कोंडा म्हणत. सोबत माझी आई असायची, पानपुडा आणि मोठी पिशवी घेऊन. तिचा एक नियम होता. आपण काम करायचं आणि जायचं. गावच्या भानगडीत बोटसुद्धा घालायचं नाही.

मोराळवाडीच्या त्या जत्रेत नाटक दुपारी चारला ठेवलं होतं. रात्री तमाशा ठरला होता. तमाशाच्या आधी नाटक ठेवलं तर लोक त्यात झोप काढून घेतात आणि नंतर ठेवलं तर लोकच उरत नाहीत, म्हणून कमिटीनं हा मधला मार्ग काढला. त्यामुळं पहिल्या अंकात 'या काळरात्री डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही' असं म्हणताना आमचे विक्रमसिंह, म्हणजे नायक बाजीराव, उन्हानं डोळे बारीक करून, कपाळावर आडवा हात धरून उभे होते. लोकांनी ते चालवून घेतलं. पण उजेडाची दुसरी एक गोम होती. आम्हाला सगळा मंडप लख्ख दिसत होता. रात्रीच्या नाटकात समोर नुसता काळोख असतो. इथं कोण जांभई देतंय, कोण उठून चाललंय, सगळं दिसत होतं.

पोपटरावांना गुलाबी फेटा दिसला होता.

"पहिल्या रांगेत, खुर्चीवर," ते मला म्हणाले. "बाई, त्यो पोरीचा मामा. शेजारी बारका बसलाय त्यो बाप. बाया तिकडं बाजूला. पोरगी बी आलीया. उद्या सकाळी घरी यायचं ठरलं हुतं, बघाबघीला. ही आजच जत्रा बघाय आली. आन् मी त्यांच्यापुढं काय बोललो? तुमीच सांगा, काय बोललो?"

पहिल्या अंकात दुर्जनराव होऊन ते मला बोलले होते, 'सुलोचने, तुझ्या बापाच्या रक्तानं तुझं कुंकू पुसून टाकीन!' आणि मग हसले होते. ते हसणं मी अजून विसरले नाही. शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली होती.

खरं सांगायचं तर पोपटराव म्हणजे देवमाणूस. गावात पिठाची गिरणी चालवायचे. म्हाताऱ्या बायकांचं दळण स्वतः डोक्यावर घेऊन घरपोच करायचे. पण अंगानं रेडा, आवाज ढगाचा, त्यामुळं वयाच्या अठराव्या वर्षापासून प्रत्येक जत्रेत खलनायक त्यांच्याच वाट्याला. आसपासच्या गावांत त्यांना पोपट म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. स्थळ सांगून आलं की पोरीचा बाप कुणाला तरी विचारायचा आणि उत्तर यायचं, 'त्यो व्हय? त्यो बायका पळवतो.' तिशी उलटली होती आणि त्यांची आई नवस बोलून थकली होती.

बाजीराव कोपऱ्यात आरशापुढं मुकुट सारखा करत होते. सरपंचांचे ते चुलतभाऊ. म्हणाले, "मी सूड घेणारच. तलवार कोल्हापूरहून आणलीया. ती काय नुसती मिरवायला?" आणि बिडी ओढायला निघून गेले.

गुरुजींनी कट्यार टेबलावर ठेवली. नाटक त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं, दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून. त्यांच्या डोळ्यांतही आता पाणी आलं. दोन मोठे पुरुष समोरासमोर रडताहेत आणि बाहेर दुसऱ्या घंटेची वेळ झालेली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, दुर्जनराव सुलोचनेचा हरवलेला भाऊ असला तर?"

आईनं चुना लावता लावता हात थांबवला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर तिथंच गप्प झाली असती.

"कधी हरवला?" गुरुजींनी विचारलं. नाटक त्यांचं होतं, पण विचारलं त्यांनी मला.

"लहानपणी. जत्रेत."

"आमच्या जत्रंत?"

"कुठल्याही जत्रेत हो! पोपटराव कट्यार न घेता येतील. म्हाताऱ्या बाबांना मारायच्या ऐवजी त्यांची विचारपूस करतील. मी येईन, त्यांना ओळखीन, मग आपण रडू. पडदा."

पोपटरावांनी डोळे पुसले. "म्हंजे मी चांगला?"

"एकदम चांगले."

"पर तात्याला सांगाय लागंल," गुरुजी म्हणाले आणि आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो.

सुलोचनेच्या म्हाताऱ्या बापाचं काम ज्ञानू तात्या करत. त्यांना ऐकायला जवळजवळ येत नव्हतं. संवाद त्यांना समोरच्याच्या ओठांवरून आणि अंदाजानं कळत. सबंध नाटकात त्यांना एकच मोठा प्रसंग होता, मरणाचा, आणि त्यासाठी ते महिनाभर शेतात पडून पडून सराव करत होते. ते आधीच रंगमंचावर खाटेवर जाऊन निजले होते. गुरुजी पडद्यामागं धावले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "तात्या, आज मरायचं न्हाई!"

"व्हय व्हय," तात्या म्हणाले, "झ्याक मरतो. तुमी काळजी सोडा."

हे पडद्याबाहेर सगळ्यांना ऐकू गेलं. मंडपात हशा पिकला, घंटा झाली आणि पडदा वर गेला.

पोपटराव आले. हातात कट्यार नाही, तेव्हा हाताचं काय करावं हे त्यांना कळेना. त्यांनी ते पाठीमागं बांधले. लिहिलेलं वाक्य होतं, 'थेरड्या, तुझी घटका भरली!' ते खाटेपाशी आले, पहिल्या रांगेकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, "बाबा, तब्येत कशी हाय तुमची?"

लोक हसले. पोपटरावांना वाटलं, लोकांना आवडलं. उशाशी तांब्या होता. तो घेऊन ते वाकले आणि त्यांनी तात्यांना दोन घोट पाणी पाजलं.

तात्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. दुर्जनराव आपल्यावर वाकलाय एवढं त्यांना दिसलं. ती त्यांची खूण होती.

"घात! घात झाला!" तात्यांनी किंकाळी फोडली, खाटेवरून धाडकन खाली आले, एक कोलांटी घेतली आणि छाती धरून रंगमंचाच्या पार पुढच्या कडेपर्यंत लोळत गेले. "दुर्जना! तूच माझा काळ झालास! माझ्या लेकीला आता तुझ्या तावडीतनं कोण सोडवील?"

पोपटरावांच्या हातातून तांब्या सुटतासुटता राहिला. त्यांनी पहिल्या रांगेपुढं हात जोडले. "मी काय केलं न्हाई! आईशप्पत! नुसतं पाणी पाजलं!"

गुलाबी फेटा खुर्चीतून अर्धा उठला. "पाण्यात काय घातलं हुतंस?"

मंडपातले सगळे ओरडायला लागले. "इख घातलं, इख!" मी विंगेत उभी होते. माझ्या प्रवेशाला अजून दोन पानं होती. आईनं माझा पदर धरला. तो सोडवून मी धावत आत गेले, पोपटरावांच्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्याउभ्या घटाघटा रिकामा केला. पालथा करून लोकांना दाखवला.

"पाहा! या पाण्यात काही नाही! बाबा... बाबा वयानं गेले!"

"दुर्जना!" तात्यांनी डोळे उघडून पुढचं वाक्य सुरू केलं. त्यांचं भाषण अजून निम्मं उरलं होतं. मी त्यांच्या छातीवर अंग टाकलं आणि असा हंबरडा फोडला, की त्यांचं उरलेलं मरण त्यात बुडून गेलं. खालून ते मला ढकलत होते. "अगं ए, माझं हाय अजून," असं पुटपुटत होते. मी रडता रडता त्यांच्या तोंडावर पदर पसरला.

मग उठले. पोपटरावांच्या दंडाकडं पाहिलं आणि मागं सरले.

"हा वण! दंडावरचा हा देवीचा वण! माझ्या हरवलेल्या दादाच्या दंडावर असाच वण होता!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या समद्यांच्या दंडावर हाय की त्यो!"

"पण असा," मी म्हणाले, "इतका प्रेमळ नव्हता कुणाचा!"

काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही. पण बायकांच्या बाजूला दोन-तीन पदर डोळ्यांना गेले. एका म्हातारीनं मोठ्यानं हुंदका दिला आणि त्या एका हुंदक्यानं सगळी बाजू पाझरली. "दादा!" मी म्हणाले. "ताई!" पोपटराव म्हणाले. त्यांना खरंच रडू येत होतं. ते पार विरघळले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी कुणाचं वाईट केलं न्हाई, करणार न्हाई, आन् दळण बी कधी कमी भरू दिलं न्हाई!"

तेवढ्यात बाजीराव आले. बिडीच्या नादात त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हातारा मेलाय, सुलोचना दुर्जनरावाच्या गळ्यात पडून रडतेय. त्यांनी कोल्हापूरची तलवार उपसली.

"नाथ, थांबा! हे माझे दादा!"

बाजीराव थांबले. विचारात पडले. मग मुकुट मागं सरकवून म्हणाले, "असं कसं? पहिल्या अंकात तर ह्यानं तुला पळवायचा डाव टाकला हुता की."

"व्हय की!" मंडप म्हणाला.

मी बेशुद्ध पडले. गुरुजींनी पडदा सोडला.

रंगपटात परत आलो तेव्हा पोपटराव आनंदानं येरझारा घालत होते. "बाई, फेटा हसला! माझ्याकडं बघून हसला! समदं जुळलं!" गुरुजी डोक्याला हात लावून सुविचाराखाली बसले होते. तात्या मला शिव्या देत होते. आई म्हणाली, "कोंडे, तोंड धू आणि गप बस."

मी शेजारच्या तिसरीच्या वर्गात तोंड धुवायला गेले. मागोमाग एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात तांब्या. वीस-एकवीस वर्षांची असेल. पाणी मागायच्या निमित्तानं आली होती, पण तिचा तांब्या भरलेला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्या दुर्जनरावाचं असं का केलंत?"

"कसं?"

"असं बुळं. पयल्या अंकात कसं झ्याक हुतं! ह्या अंकात नुसतंच रडाय लागलं."

"तू कोण गं?"

"सिंधू. त्यो गुलाबी फेटा दिसतोय का? माझा मामा." तिनं मागं वळून पाहिलं, आत आली आणि दार लोटलं. "उद्या बघाय येणार हाय आमी. स्थळ मीच सुचवलं, मैत्रिणीच्या आईला मधी घालून. मागच्या दोन जत्रा मी ह्यांचंच काम बघाय येतीया."

मी हातातला टॉवेल खाली ठेवला. "अगं, पण खलनायकाचं काम आवडतं तुला?"

"काम न्हाई. आवाज." ती थोडी लाजली, मग धीर करून बोलली. "आमच्या घरात मामाचं चालतं. आण्णा मुंडी हलवत्यात. आई मुंडी हलवती. म्हशीचं नाव बी मामानं ठेवलंय. माझी शाळा मामानं बंद केली. कुणी म्हणून 'न्हाई' म्हणालं न्हाई. ह्यांचं ते हसणं ऐकलं तवा वाटलं, ह्यो माणूस जर मामासमोर उभा ऱ्हायला तर एकदा तरी मामाची वाचा बसंल. आन् आता हे असं रडाय लागलं तर मामा ह्यांचं बी नाव बदलून ठेवंल की वो!"

"पण खलनायक म्हणून तुझा मामा नकार देईल."

"दिऊ दे की." मग थांबून म्हणाली, "न्हाई, पण दिऊ नये."

ती गेली. मी तशीच ओलं तोंड घेऊन उभी राहिले. मामाला शांत, गरीब जावई पाहिजे होता. भाचीला मामाची बोलती बंद करणारा नवरा पाहिजे होता. दोघंही त्याच मंडपात, त्याच माणसाकडं पाहत बसणार होते, आणि माझ्या हातात एक अंक होता. असं काही मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लिहिलेलं बोलायचं आणि रडायचं, एवढंच काम होतं. पण त्या घटकेला मला भीती वाटायच्या ऐवजी हसू येत होतं, अंगावर काटा येत होता, आणि तिसऱ्या अंकाची वाक्यं आपोआप जुळायला लागली होती.

रंगपटात येऊन म्हणाले, "गुरुजी, या सगळ्याच्या मागं एक मामा आहे."

"कुठला मामा?"

"सुलोचनेचा. मामासाहेब. त्यानंच लहानपणी दुर्जनरावाला पळवलं, त्याला वाईट मार्गाला लावलं, स्वतःच्या बहिणीला पळवून आण म्हणून हुकूम सोडला. पहिल्या अंकातलं सगळं त्याचं कारस्थान. आज दुर्जनरावाचे डोळे उघडले."

गुरुजींचे डोळे लकाकले. "बरुबर हाय! कंस मामाच हुता. शकुनी मामाच हुता. लोकांना लगीच पटंल." मग चेहरा पडला. "पर ते काम करणार कोण? माणूस कुठं हाय?"

"तो दिसायचाच नाही. तो पलीकडं, लोकांच्या दिशेला उभा आहे असं समजायचं."

बाजीरावांनी विचारलं, "मग माझ्या तलवारीचं काय?"

"मामासाहेबाचे मारेकरी आलेत. तुम्ही त्यांची कत्तल करायची."

"कुठं हायत मारेकरी?"

"विंगेत."

बाजीराव खूश झाले. गुरुजी शाळेच्या घंटेचा लोखंडी रूळ आणि हातोडा शोधायला गेले. मी पोपटरावांना खिडकीपाशी नेलं आणि सिंधूनं सांगितलेलं सगळं सांगितलं.

"माझा आवाज?" ते म्हणाले. "तिला आवडतो?"

"दोन जत्रा ऐकतेय."

"पर बाई, मला मनानं कायबी बोलता येत न्हाई. गिऱ्हाईक भांडाय लागलं तर मी पीठ फुकट देतो. लिवलेलं असंल तर बोलतो."

"मी सांगते ते पाठ करा," मी म्हणाले, आणि त्यांना वाक्यं दिली.

तिसरा अंक सुरू झाला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. बाजीरावांनी विंगेत एवढे मारेकरी कापले, की मंडपातली पोरं उठून विंगेत डोकावायला धावली. गुरुजी तलवारींच्या खणखणाटासाठी रुळावर हातोडा हाणत होते. मी मामासाहेबाचं सगळं पाप लोकांना सांगितलं. कुणी मुंडी वर करायची नाही, कुणी शिकायचं नाही, घरात बोलायचं तर मामासाहेबानं. सांगता सांगता मी हळूच बायकांच्या बाजूला पाहिलं. हिरवं लुगडं बसल्या जागी ताठ झालं होतं.

मग पोपटराव पुढं आले. रंगमंचाच्या कडेशी उभे राहिले. समोर पहिली रांग. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"मामासाहेब!"

कबुतरं उडाली. बैल हंबरले. मंडपात रडणारं एक पोर गप्प झालं.

"लई ऐकलं तुमचं! आज माझं ऐका! माझ्या घरातल्या माणसावर आवाज चढवायचा आसंल, तर आदी माझ्या आवाजाशी गाठ हाय!" आणि मग ते हसले. पहिल्या अंकातलंच हसणं, पण ते आता आमच्या बाजूचं झालं होतं.

मी गुलाबी फेट्याकडं पाहिलं. मामा खुर्चीवरून ताडकन उठले. चेहरा लाल, मूठ वर. आता काय होतंय म्हणून मी डोळे मिटणार, तोच ते गरजले.

"शाब्बास रे वाघा! असल्या मामाला उभा सोलला पायजे!"

शेजारी बसलेल्या सिंधूच्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा बहुधा मुंडी न हलवता टाळ्या वाजवल्या. तिकडं हिरव्या लुगड्याच्या पदरात एक तोंड खुपसलेलं होतं आणि खांदे गदागदा हलत होते. ती रडत नव्हती, हे मला इतक्या लांबूनही कळत होतं.

पडदा पडल्यावर मामा स्वतः रंगपटात आले. पोपटरावांना मिठी मारली. मेहुण्याला म्हणाले, "पोरगा लई गुणी. बघितलंस का, डोळ्यात किती पाणी हुतं! आपल्या शब्दाभायेर जाणार न्हाई. उद्याचं बघणं कशाला, आजच सुपारी फोडू." मेहुण्यानं मुंडी हलवली. मग मामा माझ्याकडं वळले. "पर बाई, त्यो तुमचा मामासाहेब शेवटपातुर पुढं का आला न्हाई?"

"भ्याला असेल," मी म्हणाले.

"भेणारच. असली माणसं भेकड आसत्यात."

सकाळच्या एसटीत आई खिडकीपाशी बसली होती. तासगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, चांगलीच चिडली आहे. नियम मोडला होता. मग पानाची पिंक टाकून बाहेरच बघत म्हणाली, "तिसऱ्या अंकात तू फार बोललीस. लोकांना रडायला जागाच ठेवली नाहीस."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"आणि बाप मरायच्या आधी भाऊ ओळखायला पाहिजे. म्हणजे बापालाही रडता येतं." तिनं पानपुडा बंद केला. "पुढच्या वेळी तसं कर."

पुढच्या वेळी. मी तिच्याकडं पाहिलं, पण तिनं डोळे मिटून घेतले होते.

लग्न वैशाखात झालं. आम्हा मायलेकींना आवर्जून बोलावणं होतं. बाबर गुरुजी मांडवाच्या दाराशीच भेटले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, औंदाच्या दसऱ्याला शेजारच्या गावात नाटक मागत्यात. ह्या वेळी तुमीच लिवा. मी पुस्तक घिऊन विंगेत बसतो, कुणी अडकलं तर सांगतो." त्यांना यात काही कमीपणा वाटत नव्हता. उलट ओझं उतरल्यासारखे दिसत होते. मी हो म्हणाले. किती सहज म्हणाले, याचं मला पुढं कितीतरी वर्षं आश्चर्य वाटत राहिलं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. आणि दुसऱ्या पंगतीला मामांचा आवाज चढला. त्यांना पहिल्या पंगतीला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं, पण पाट दिला नव्हता. पाट दिला होता, पण तो व्याह्यांच्या पाटाच्या खाली होता. ते भर मांडवात सिंधूच्या बापाला बोलायला लागले. काय काय काढलं! म्हशीपर्यंत गेले. बापानं मुंडी खाली घातली. वाढपी जिलबीची ताटं घेऊन जागच्या जागी उभे. सगळा मांडव नवऱ्या मुलाकडं बघायला लागला.

पोपटराव बोहल्यापाशी उभे होते. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात लिंबू टोचलेली कट्यार. सिंधूनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. पोपटरावांनी मांडवभर नजर फिरवली आणि पंगतीत बसलेली मी त्यांना सापडले. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला कळलं.

'बाई, वाक्य?'

माझ्या तोंडात जिलबी होती. तिसऱ्या अंकातलं वाक्य इथं चालणार नव्हतं. वडील माणूस, भर लग्न, पोरीचं माहेर. अपमान व्हायला नको आणि माघारही घ्यायला नको. मी जिलबी गिळली आणि ओठांनीच त्यांना दोन शब्द सांगितले.

पोपटरावांनी छाती भरून श्वास घेतला.

"मामा! जेवून घ्या!"

मांडवाच्या खांबांवरची आंब्याची पानं हलली. वाढप्याच्या हातातून एक जिलबी पडली. मामा तोंड उघडं ठेवून उभे राहिले. काय म्हणावं? रागावलेला म्हणावं तर जावई जेवायला बोलावतोय. प्रेमानं म्हणावं तर पाय लटलटताहेत. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, फेटा सावरला आणि सगळ्यात जवळ जो पाट होता त्यावर बसले.

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं. गावोगावच्या जत्रांसाठी, मग मोठ्या मंडळींसाठी, आकाशवाणीसाठी, शेवटी कथाकथनाला स्वतः उभी राहू लागले तेव्हा माझ्यासाठी. लोक म्हणतात, बाईंना संवाद चांगले सुचतात. असतीलही. पण दोन शब्दांत एवढं काम मला पुन्हा काही जमलेलं नाही.

मामांच्या पानावर सिंधूनं स्वतः जिलबी वाढली. एक वाढली, त्यांनी नको म्हटलं, तिनं दुसरी वाढली.

"न्हाई म्हनू नका, मामा," ती म्हणाली.

मामांनी खाल्ली.